वर्ग बंद, सराव सुरू: कोव्हिडच्या वर्षी अमेरिकेतला कॉलेज फुटबॉलचा हंगाम कसा पार पडला?

१० ऑगस्ट २०२०. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचं चॅपल हिलचं कॅम्पस पाच महिन्यांनी पुन्हा गजबजलं होतं. विद्यार्थी वसतिगृहात परतले, वर्ग भरले. पण हे जेमतेम एक आठवडा टिकलं. वसतिगृहांमध्ये कोरोनाचे रुग्ण झपाट्याने वाढले आणि १७ ऑगस्टला विद्यापीठाने जाहीर केलं की, पदवीचं सगळं शिक्षण आता ऑनलाईन होईल. बॅगा पुन्हा भरून बरेच विद्यार्थी घरी गेले.

फुटबॉलचा संघ मात्र कॅम्पसवरच राहिला. एखाद-दुसऱ्या दिवसाचा खंड सोडला तर सराव सुरू होता. १२ सप्टेंबरला या संघाने घरच्या मैदानावर सिरॅक्यूज विद्यापीठाचा ३१-६ असा पराभव केला. स्टेडियममध्ये प्रेक्षक नव्हते, पण टीव्हीवर सामना दिसत होता.

जे कॅम्पस वर्गात बसण्यासाठी सुरक्षित नाही, ते एकमेकांच्या अंगावर धडकण्याच्या खेळासाठी सुरक्षित कसं? हा प्रश्न त्या वर्षी अमेरिकेत सगळ्यांनाच पडला होता. त्याचं उत्तर शोधायचं तर आधी कॉलेज फुटबॉल हे प्रकरण काय आहे, ते समजून घ्यावं लागेल.

कॉलेज फुटबॉल म्हणजे नेमकं काय?

इथे फुटबॉल म्हणजे आपला, पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. हा अमेरिकन फुटबॉल. लांबुळका चेंडू, हेल्मेट, खांद्यांवर जाडजूड पॅड आणि दोन्ही बाजूंनी ११-११ खेळाडू. चेंडू हातात घेऊन पुढे सरकायचं आणि समोरच्याने अंगावर झेपावून अडवायचं. एका संघात शंभराहून अधिक खेळाडू असतात.

आपल्याकडे आंतरविद्यापीठ स्पर्धांना बहुतेक वेळा खेळाडूंचे मित्र आणि दोन-चार शिक्षक एवढेच प्रेक्षक असतात. अमेरिकेत चित्र वेगळं आहे. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियमची क्षमता १ लाख ७ हजारांहून अधिक आहे आणि ते भरतं. अलाबामा विद्यापीठाचे तेव्हाचे प्रशिक्षक निक सेबन यांची वर्षाची कमाई ९० लाख डॉलरच्या आसपास होती. अनेक राज्यांमध्ये सर्वाधिक पगार घेणारा सरकारी कर्मचारी म्हणजे तिथल्या सरकारी विद्यापीठाचा फुटबॉल किंवा बास्केटबॉल प्रशिक्षक असतो.

आणि खेळाडूंना? २०२० साली त्यांना पगार नव्हता. शिष्यवृत्ती मिळायची, म्हणजे फी, राहणं, जेवण आणि पुस्तकांचा खर्च. नियमानुसार ते ‘विद्यार्थी-खेळाडू’ होते. आपल्या नावावर जाहिरात करून पैसे कमावण्याचीही त्यांना परवानगी नव्हती.

या सगळ्यावर एनसीएए ही संस्था देखरेख करते. पण फुटबॉलच्या वरच्या पातळीवर तिचा हात फारसा पोहोचत नाही. १९८४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने फुटबॉलच्या टीव्ही प्रक्षेपणावरचं एनसीएएचं नियंत्रण काढून घेतलं. तेव्हापासून खरी ताकद गेली ‘कॉन्फरन्स’कडे, म्हणजे विद्यापीठांच्या गटांकडे. २०२० मध्ये असे पाच मोठे गट होते: एसईसी, बिग टेन, एसीसी, बिग १२ आणि पॅक-१२. प्रत्येकाचा टीव्ही करार वेगळा, वेळापत्रक वेगळं, प्रमुख वेगळा. राष्ट्रीय विजेता ठरवणारी प्लेऑफ स्पर्धासुद्धा एनसीएए नव्हे, तर हे गटच चालवतात.

त्यामुळे महासाथ आली तेव्हा ‘खेळायचं की थांबायचं’ हे संपूर्ण देशासाठी ठरवू शकेल असं कुणीच नव्हतं.

मार्च २०२० मध्ये काय घडलं?

११ मार्चच्या रात्री व्यावसायिक बास्केटबॉल लीग एनबीएने आपला हंगाम थांबवला. यूटा जॅझ संघाच्या रूडी गोबेरची कोरोना चाचणी पॉझिटिव्ह आली होती. दुसऱ्याच दिवशी एनसीएएने पुरुष आणि महिलांच्या राष्ट्रीय बास्केटबॉल स्पर्धा रद्द केल्या. त्यासोबत हिवाळी आणि वसंत ऋतूतल्या उरलेल्या सगळ्या राष्ट्रीय स्पर्धाही गेल्या.

पुरुषांची ६८ संघांची ही बास्केटबॉल स्पर्धा ‘मार्च मॅडनेस’ म्हणून ओळखली जाते. १९३९ साली सुरू झाल्यापासून ती एकदाही रद्द झाली नव्हती. दुसऱ्या महायुद्धातही नाही.

एनसीएएचं बहुतांश उत्पन्न याच एका स्पर्धेच्या प्रक्षेपण हक्कांतून येतं. त्यामुळे फटका लगेच बसला. त्या वर्षी सदस्य विद्यापीठांना ६० कोटी डॉलर वाटायचं ठरलं होतं, प्रत्यक्षात वाटले गेले २२.५ कोटी.

विद्यापीठांच्या क्रीडा विभागांसाठी हा इशारा होता. मोठ्या विद्यापीठांमध्ये पोहणं, टेनिस, जिम्नॅस्टिक्स अशा बहुतेक खेळांचा खर्च फुटबॉलच्या कमाईतून भागतो. बास्केटबॉलची एक स्पर्धा गेल्यावर ही अवस्था, तर फुटबॉलचा अख्खा हंगाम गेला तर काय होईल?

एकाच देशात वेगवेगळे निर्णय का झाले?

मे महिन्यात एनसीएएचे तेव्हाचे अध्यक्ष मार्क एमर्ट यांनी एक तत्त्व मांडलं होतं. कॅम्पसवर विद्यार्थी नसतील, तर विद्यार्थी-खेळाडूही असणार नाहीत, असा त्याचा आशय होता. ऐकायला सरळ वाटतं. पण उन्हाळा संपेपर्यंत हे तत्त्व बाजूला पडलं.

सगळ्यात आधी निर्णय घेतला आयव्ही लीगने. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन अशा आठ विद्यापीठांच्या या गटाने ८ जुलैला शरद ऋतूतले सगळे खेळ थांबवले. फुटबॉलच्या टीव्ही पैशावर ही विद्यापीठं अवलंबून नाहीत, त्यामुळे त्यांना हा निर्णय तुलनेने सोपा होता.

५ ऑगस्टला कनेक्टिकट विद्यापीठाने माघार घेतली. वरच्या पातळीवरचा हा पहिला संघ. ८ ऑगस्टला मिड-अमेरिकन कॉन्फरन्सने आपला हंगाम पुढे ढकलला. आणि ११ ऑगस्टला बिग टेन आणि पॅक-१२ या दोन बड्या गटांनी एकाच दिवशी थांबायचं ठरवलं.

एसईसी, एसीसी आणि बिग १२ यांनी मात्र खेळायचं ठरवलं. त्यांनी सामने कमी केले आणि जवळपास सगळे गटातल्या गटातच ठेवले. एसईसीने दहा सामन्यांचं वेळापत्रक आखून २६ सप्टेंबरला सुरुवात केली. एरवी कुठल्याही गटात न खेळणारा नोत्र दामचा संघ त्या एका हंगामापुरता एसीसीत सामील झाला, कारण एकट्याला प्रतिस्पर्धीच मिळेनासे झाले होते.

विषाणू एकच, उपलब्ध संशोधन एकच, मग निष्कर्ष वेगळे कसे? एक कारण म्हणजे प्रत्येक गटाचे वैद्यकीय सल्लागार वेगळे होते. दुसरं कारण राजकीय. अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे बरेच निर्णय राज्यं आणि काऊंटी घेतात. कॅलिफोर्नियातल्या काही काऊंटींमध्ये संघाला एकत्र सराव करायलाही बंदी होती, तर टेक्सासमध्ये स्टेडियमच्या ठरावीक क्षमतेपर्यंत प्रेक्षक चालत होते.

‘बबल’ का केला नाही?

एनबीएने त्या उन्हाळ्यात यावर तोडगा काढला होता. फ्लोरिडात ऑर्लँडोजवळच्या डिस्ने वर्ल्डमध्ये संघ एकत्र ठेवले, बाहेरच्यांना प्रवेश बंद केला, रोज चाचण्या केल्या आणि हंगाम पूर्ण केला. आपल्या आयपीएलनेही सप्टेंबर ते नोव्हेंबर २०२० मध्ये संयुक्त अरब अमिरातीत जाऊन हेच केलं.

कॉलेज फुटबॉलला हे जमणं कठीण होतं. एक तर आकडा. वरच्या पातळीवर सुमारे १३० विद्यापीठं आणि प्रत्येकाचे शंभराहून अधिक खेळाडू. एवढ्या लोकांना कुठे ठेवणार?

पण दुसरी अडचण जास्त मोठी होती. खेळाडूंना तीन-चार महिने वर्गापासून आणि इतर विद्यार्थ्यांपासून तोडून हॉटेलात ठेवलं, तर ते ‘इतर विद्यार्थ्यांसारखेच विद्यार्थी’ आहेत हे कोर्टात आणि लोकांसमोर कसं सांगणार? बबलमध्ये राहून, करारानुसार खेळून, प्रेक्षकांविना टीव्हीसाठी सामने देणं हे कर्मचाऱ्याचं काम झालं. एनबीएच्या खेळाडूंना त्या कामाचे पैसे मिळत होते आणि अटींवर बोलणी करायला त्यांची संघटना होती. कॉलेजच्या खेळाडूंकडे यातलं काहीच नव्हतं.

खेळाडूंना काय हवं होतं?

या वादात खेळाडूंचा आवाज पहिल्यांदाच इतक्या जोरात ऐकू आला.

२ ऑगस्टला पॅक-१२ मधल्या खेळाडूंच्या एका गटाने ‘वी आर युनायटेड’ या नावाने मागण्या जाहीर केल्या. आरोग्याच्या सुरक्षेची हमी, जोखीम नको असेल तर बाहेर राहण्याचा हक्क, वांशिक न्यायासाठी उपाय आणि कमाईत वाटा अशा त्या मागण्या होत्या. त्या मान्य झाल्या नाहीत तर न खेळण्याचा इशाराही दिला होता. अमेरिकेत तो जॉर्ज फ्लॉइड यांच्या मृत्यूनंतरच्या आंदोलनांचा उन्हाळा होता. वरच्या पातळीवरच्या कॉलेज फुटबॉलमध्ये कृष्णवर्णीय खेळाडूंचं प्रमाण मोठं आहे, तर प्रशिक्षक आणि प्रशासक बहुतांश गोरे. हा मुद्दाही त्या पत्रकामागे होता.

आठवडाभरातच उलट्या दिशेने वाटावी अशी मोहीम सुरू झाली. हंगाम रद्द होणार अशी कुजबुज वाढल्यावर क्लेमसनचा ट्रेव्हर लॉरेन्स आणि ओहायो स्टेटचा जस्टिन फील्ड्स यांच्यासारखे मोठे खेळाडू ‘वी वाँट टू प्ले’ म्हणू लागले. आम्हाला खेळायचं आहे, घरी गेलो तर आम्ही जास्त सुरक्षित असू असं नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

मग दोन्ही गटांचे प्रतिनिधी आपसात बोलले. १० ऑगस्टच्या पहाटे निघालेल्या संयुक्त निवेदनात खेळण्याची इच्छा होती, सर्वांसाठी समान आरोग्य नियमांची मागणी होती आणि शेवटी खेळाडूंची संघटना उभारण्याची भाषाही होती. म्हणजे ‘खेळायचंय’ म्हणणारे आणि ‘अटी मान्य करा’ म्हणणारे यांच्यात वाटतं तेवढं अंतर नव्हतं. आमच्या शरीराविषयीचा निर्णय आम्हाला विचारून घ्या, एवढंच दोघांचं म्हणणं होतं.

त्याआधी उन्हाळ्यात काही विद्यापीठांनी खेळाडूंकडून कोव्हिडविषयीच्या प्रतिज्ञापत्रांवर सह्या घेतल्या होत्या. काही ठिकाणी त्यात जोखीम स्वीकारल्याची कबुलीही होती. यावर टीका झाली. ५ ऑगस्टला एनसीएएने स्पष्ट केलं की, कोव्हिडसंदर्भातले कायदेशीर हक्क सोडण्याची सक्ती खेळाडूंवर करता येणार नाही आणि कोव्हिडमुळे न खेळण्याचा निर्णय घेणाऱ्याची शिष्यवृत्ती कायम ठेवावी लागेल.

हृदयाची भीती कुठून आली?

विशीतल्या तंदुरुस्त मुलांना कोव्हिडचा मोठा धोका नाही, असं तेव्हा मानलं जात होतं. पण ऑगस्टमध्ये मायोकार्डायटिस, म्हणजे हृदयाच्या स्नायूंना येणारी सूज, हा शब्द सगळीकडे ऐकू येऊ लागला. विषाणू संसर्गानंतर अशी सूज असताना जोरदार व्यायाम केला, तर हृदयाचे ठोके अचानक बिघडून जीव जाऊ शकतो. बिग टेनच्या निर्णयात या भीतीचा वाटा होता.

सप्टेंबरमध्ये ओहायो स्टेट विद्यापीठातल्या डॉक्टरांचा एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला. कोव्हिड होऊन गेलेल्या २६ खेळाडूंच्या हृदयाचा एमआरआय केल्यावर चौघांमध्ये, म्हणजे सुमारे १५ टक्क्यांमध्ये, अशा सुजेची लक्षणं दिसली.

पुढे मोठा अभ्यास झाला तेव्हा चित्र स्पष्ट झालं. बिग टेनच्या विद्यापीठांनी १,५९७ खेळाडूंचे एमआरआय तपासले. त्यात ३७ जणांमध्ये, म्हणजे २.३ टक्के खेळाडूंमध्ये मायोकार्डायटिस आढळला. त्यातल्या बहुतेकांना कसलाही त्रास जाणवत नव्हता.

म्हणजे सुरुवातीची भीती आकड्याने मोठी होती, पण निराधार नव्हती. शिवाय हा दुसरा अभ्यास प्रसिद्ध झाला मे २०२१ मध्ये. निर्णय घ्यायची वेळ आली, तेव्हा हे आकडे हातात नव्हते.

मग बिग टेनने निर्णय का फिरवला?

११ ऑगस्टच्या निर्णयानंतर बिग टेनवर चहूबाजूंनी दबाव आला. पालकांनी निदर्शनं केली. नेब्रास्काचे आठ खेळाडू कोर्टात गेले. १ सप्टेंबरला राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी बिग टेनचे प्रमुख केव्हिन वॉरन यांच्याशी फोनवर चर्चा केली. निवडणूक दोन महिन्यांवर होती आणि मिशिगन, विस्कॉन्सिन, पेनसिल्व्हेनिया ही चुरशीची राज्यं बिग टेनच्या मुलुखातली होती.

त्याच वेळी दक्षिणेतले संघ मैदानात उतरत होते. २९ ऑगस्टला अलाबामातल्या माँटगोमेरी इथे सेंट्रल आर्कान्सा आणि ऑस्टिन पी यांच्यात हंगामातला पहिला सामना झाला. शेजारचा गट खेळतोय आणि आपण घरी बसलोय, हे बिग टेनच्या चाहत्यांना पचत नव्हतं.

वैद्यकीय बाजूनेही एक गोष्ट बदलली होती. स्वस्त आणि काही मिनिटांत निकाल देणाऱ्या अँटिजेन चाचण्या आता मोठ्या प्रमाणात मिळू लागल्या होत्या. १६ सप्टेंबरला बिग टेनने निर्णय फिरवला. नियम असे ठरले:

- खेळाडू, प्रशिक्षक आणि मैदानावरच्या सगळ्यांची रोज चाचणी.
- पॉझिटिव्ह आलेला खेळाडू किमान २१ दिवस सामन्याबाहेर. परतण्याआधी हृदयाच्या एमआरआयसह तपासण्या.
- संघातलं पॉझिटिव्ह येण्याचं प्रमाण ५ टक्क्यांवर गेलं, तर सराव आणि सामने किमान सात दिवस बंद.

२४ सप्टेंबरला पॅक-१२ नेही तेच केलं. बिग टेनचा हंगाम ऑक्टोबरच्या अखेरीस सुरू झाला, पॅक-१२ चा नोव्हेंबरमध्ये.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. ज्या चाचण्या खेळाडूंना रोज मिळत होत्या, त्या अनेक कॅम्पसवर सामान्य विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना तितक्या सहज मिळत नव्हत्या.

हंगाम प्रत्यक्षात कसा गेला?

थोडक्यात सांगायचं तर, शनिवारचा सामना होणार की नाही हे अनेकदा शुक्रवारपर्यंत कळत नव्हतं. शंभराहून अधिक सामने पुढे ढकलले गेले किंवा रद्द झाले. एक खेळाडू पॉझिटिव्ह आला की त्याच्या संपर्कातलेही क्वारंटाईन व्हायचे. त्यामुळे कधी कधी एकाच जागेवर खेळणारे सगळे खेळाडू एकदम बाहेर जायचे.

नोव्हेंबरच्या शेवटी व्हँडरबिल्ट विद्यापीठात नेमकं हेच झालं. चेंडूला किक मारणारे खेळाडू उपलब्ध नव्हते. म्हणून विद्यापीठाच्या महिला सॉकर संघाची गोलरक्षक सारा फुलर हिला बोलावलं गेलं. २८ नोव्हेंबरला मिझुरीविरुद्ध उतरताच पाच बड्या गटांच्या फुटबॉलमध्ये खेळणारी ती पहिली महिला ठरली. १२ डिसेंबरला टेनेसीविरुद्ध तिने गुणही मिळवला.

क्लेमसनचा लॉरेन्स ऑक्टोबरच्या अखेरीस पॉझिटिव्ह आला आणि नोत्र दामविरुद्धचा मोठा सामना त्याला बाजूला उभं राहून पाहावा लागला. नोत्र दामने तो दुसऱ्या अतिरिक्त सत्रात ४७-४० असा जिंकला आणि हजारो विद्यार्थी मैदानात धावले. महासाथीच्या मध्यावर ही गर्दी देशभर टीव्हीवर दिसली.

फ्लोरिडाचे प्रशिक्षक डॅन मलन यांनी ऑक्टोबरमध्ये आपलं स्टेडियम पूर्ण भरू द्यावं अशी जाहीर मागणी केली. काही दिवसांतच संघात साथ पसरली, एलएसयूविरुद्धचा सामना पुढे ढकलावा लागला आणि मलन स्वतःही पॉझिटिव्ह आले. अलाबामाचे सेबन नोव्हेंबरच्या अखेरीस पॉझिटिव्ह आले आणि ऑबर्नविरुद्धचा प्रतिष्ठेचा सामना त्यांनी घरी बसून पाहिला.

कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे स्टेटला काऊंटीच्या बंदीमुळे घर सोडून दुसरीकडे सराव करावा लागला. न्यू मेक्सिकोचा संघ तर नेवाडात लास वेगासजवळच्या हॉटेलात जाऊन राहिला. बबल नको म्हणणाऱ्या व्यवस्थेत या मुलांच्या वाट्याला शेवटी हॉटेलच आलं.

काही चांगल्या आठवणीही राहिल्या. ५ डिसेंबरला कोस्टल कॅरोलायनाचा लिबर्टीशी सामना होता. कोव्हिडमुळे लिबर्टीने माघार घेतली. तेव्हा देशाच्या दुसऱ्या टोकाच्या यूटामधून बीवायूचा संघ दोन दिवसांत तयार होऊन आला. दोन्ही संघ तोवर अपराजित होते. कोस्टलने सामना २२-१७ असा जिंकला. शेवटच्या क्षणी बीवायूच्या खेळाडूला गोलरेषेपासून एका यार्डावर अडवलं होतं.

शंभर वर्षांपूर्वी काय झालं होतं?

कॉलेज फुटबॉलने महासाथ पहिल्यांदाच पाहिली असं नाही. १९१८ साली इन्फ्लुएन्झाची साथ आणि पहिलं महायुद्ध एकाच वेळी आलं. अनेक सामने रद्द झाले. पिट्सबर्गच्या संघाला फक्त पाच सामने मिळाले, तेही सगळे नोव्हेंबरमध्ये. पुढे दंतकथा बनलेले नोत्र दामचे प्रशिक्षक नूट रॉकनी यांचा पहिला हंगाम हाच, आणि त्यात सामने होते सहा. जॉर्जिया टेकच्या स्टेडियममध्ये तोंडाला मास्क बांधून बसलेल्या प्रेक्षकांचा तेव्हाचा फोटो २०२० मध्ये पुन्हा सगळीकडे फिरला.

१ जानेवारी १९१९ ला रोझ बोलच्या मैदानात विद्यापीठांचे संघ नव्हतेच. नौदल आणि मरीनच्या तळांवरचे दोन संघ तिथे खेळले.

गंमत म्हणजे मिशिगन आणि ओहायो स्टेट यांच्यातला पारंपरिक सामना १९१८ च्या साथीतही झाला होता आणि त्यानंतर दरवर्षी होत आला होता. तो खंड पडला २०२० मध्ये, कारण मिशिगनच्या संघात कोव्हिडची साथ पसरली होती.

अजिंक्यपद कुणी जिंकलं?

या रद्द सामन्याने एक पेच उभा केला. बिग टेनच्या अंतिम सामन्यासाठी किमान सहा सामने खेळलेले असणं बंधनकारक होतं. ओहायो स्टेटचे झाले होते पाच. पण तोच गटातला सगळ्यात ताकदवान संघ होता आणि तो प्लेऑफमध्ये गेला तर गटाला पैसा आणि प्रतिष्ठा दोन्ही मिळणार होतं. ९ डिसेंबरला बिग टेनने नियम बदलला.

उपांत्य फेरीचा एक सामना कॅलिफोर्नियातल्या रोझ बोलमध्ये व्हायचा होता. तिथे खेळाडूंच्या घरच्यांनाही प्रवेश नव्हता. म्हणून सामनाच टेक्सासमधल्या आर्लिंग्टनला हलवला. याआधी असं १९४२ मध्ये, पर्ल हार्बरवरच्या हल्ल्यानंतर झालं होतं.

११ जानेवारी २०२१ ला फ्लोरिडातल्या मायामी गार्डन्समध्ये अंतिम सामना झाला. प्रेक्षक होते १४,९२६. अलाबामाने ओहायो स्टेटला ५२-२४ असं हरवलं. अलाबामाचा तो तेरावा सामना होता, ओहायो स्टेटचा आठवा.

बाकीच्या खेळांचं काय झालं?

फुटबॉल वाचवण्यासाठी जेवढी धडपड झाली, तेवढी इतरांसाठी झाली नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठाने जुलै २०२० मध्ये ११ खेळ बंद करण्याचं जाहीर केलं. माजी खेळाडूंच्या विरोधानंतर मे २०२१ मध्ये निर्णय मागे घेतला. आयोवा विद्यापीठाने चार खेळ बंद केले. त्यातलं महिलांचं पोहणं पुढे परत सुरू झालं.

मार्च २०२१ ची बास्केटबॉल स्पर्धा मात्र एनसीएएला काहीही करून घ्यायची होती. आणि इथे एनसीएएने चक्क बबल केला. पुरुषांचे सगळे संघ इंडियाना राज्यात, महिलांचे टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओ भागात. पुरुषांचा एक सामना कोव्हिडमुळे होऊ शकला नाही, बाकी सगळे झाले.

पण महिलांच्या केंद्रातून ऑरेगन संघाच्या सेडोना प्रिन्सने एक व्हिडिओ टाकला. पुरुषांना मोठं, सुसज्ज व्यायामगृह आणि महिलांना डंबेलचा एक छोटा स्टँड. व्हिडिओ देशभर पाहिला गेला, एनसीएएला माफी मागावी लागली आणि स्वतंत्र चौकशी झाली. २०२२ पासून महिलांच्या स्पर्धेतही ६८ संघ आले आणि ‘मार्च मॅडनेस’ हे नावही तिला मिळालं.

भारतात काय झालं? पहिल्या खेलो इंडिया युनिव्हर्सिटी गेम्स १ मार्च २०२० ला भुवनेश्वरमध्ये संपल्या. पदकतालिकेत सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ दुसऱ्या क्रमांकावर होतं. त्यानंतरच्या स्पर्धा झाल्या थेट एप्रिल २०२२ मध्ये, बंगळुरूत. मधल्या काळात ज्यांची पदवी पूर्ण झाली, त्यांच्यापैकी अनेकांची संधी तशीच निघून गेली. अमेरिकेत पैशामुळे खेळ थांबला नाही. आपल्याकडे थांबला, तेव्हा कुणाचा टीव्ही करार धोक्यात आला नाही.

या हंगामाने काय बदललं?

पहिला बदल लगेचचा. एनसीएएने २०२० मध्ये खेळलेल्या फुटबॉलपटूंना एक वर्ष वाढवून दिलं. एरवी चार हंगाम खेळता यायचे, या खेळाडूंना पाच मिळाले. त्यामुळे पुढची काही वर्षं २३-२४ वर्षांचे अनेक खेळाडू कॉलेजच्या मैदानात दिसले.

दुसरा बदल मोठा. खेळाडूंना पैसे मिळावेत ही लढाई कोव्हिडच्या कितीतरी आधीची आहे. कॅलिफोर्नियाने तर २०१९ मध्येच त्यासाठी कायदा केला होता. महासाथीने ती सुरू केली नाही. पण वर्ग बंद ठेवून सामने खेळवल्यावर ‘हे फक्त विद्यार्थी आहेत’ असं म्हणणं अवघड झालं.

२१ जून २०२१ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑल्स्टन खटल्यात एनसीएएच्या विरोधात ९-० असा निकाल दिला. शिक्षणाशी निगडित लाभांवर एनसीएएने घातलेली मर्यादा बेकायदा ठरली. न्यायमूर्ती ब्रेट कॅव्हॅनॉ यांनी तर स्वतंत्र मतात लिहिलं की, कामगारांना बाजारभावाने पैसे न देण्याची अशी पद्धत दुसऱ्या कुठल्याही उद्योगात खपली नसती. दहा दिवसांनी, १ जुलैपासून, खेळाडूंना आपलं नाव आणि चेहरा वापरून जाहिरातींतून कमाई करण्याची मुभा मिळाली.

जून २०२५ मध्ये ‘हाऊस’ खटल्यातल्या तडजोडीला कोर्टाची मंजुरी मिळाली. आता विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. पहिल्या वर्षासाठी मर्यादा ठरली प्रत्येक विद्यापीठामागे सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर.

खेळाडूंना कर्मचारी मानायचं का, हा वाद अजून संपलेला नाही. पण ऑगस्ट २०२० मध्ये मुलांनी ज्या मागण्या लिहिल्या होत्या, त्यातली कमाईत वाट्याची मागणी पाच वर्षांत बरीचशी प्रत्यक्षात आली. संघटनेची मागणी मात्र अजून तशीच आहे. ती लिहिणाऱ्यांपैकी बहुतेक जण आता कॉलेजात नाहीत. त्यांनी त्या वर्षी रोज सकाळी नाकात काडी घालून चाचणी दिली, रिकाम्या स्टेडियममध्ये खेळले आणि त्याबद्दल त्यांना मिळाली ती फक्त शिष्यवृत्ती.